फूटपट्टी लावून लॉग वाचणारा माणूस

हेवा करायचाच तर निदान तोलामोलाच्या माणसाचा करावा. मी ज्यांचा केला ते पन्नाशी उलटलेले होते, त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते, शर्टाचं वरचं बटण कायम भलत्याच काजात असायचं आणि हुद्द्यानं ते माझ्या हाताखाली होते. ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी म्हणत नसे. मी नुसतं 'अहो' म्हणायचो, तेही अगदीच अडलं तर.

आता ते आमच्याकडे नाहीत. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की अजून पोटात दुखतं. याच पोटदुखीपायी मी एका बाईचं नाव परीक्षेच्या यादीतून जाऊ दिलं. ते सांगणार आहे, टाळणार नाही. पण आधी मामा कसे होते ते सांगतो, म्हणजे माझं का दुखायचं ते तरी कळेल.

आमची संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. विद्यार्थी फोनवर धडा उघडतो, व्हिडिओ लावतो, मध्येच थांबवतो, चाचणी सोडवतो, बाहेर पडतो. त्यानं असं काहीही केलं की आमच्या सर्व्हरवर एक ओळ पडते: कुठल्या क्रमांकाचा विद्यार्थी, काय, किती वाजता, कुठल्या फोनवरून. या ओळी म्हणजे लॉग. अशा हजारो ओळी रोज येतात. त्या साफ करायच्या, मोजायच्या आणि कोण नीट शिकतंय, कोण मधूनच सोडून जाणार, हे आधी सांगायचं, हे माझं काम. मी त्यासाठी पुण्याला जाऊन रीतसर शिकून आलोय. मामा वाळूजच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आत आलं, कोण किती वाजता बाहेर गेलं, याची कार्डं त्यांनी सतरा वर्षं सांभाळली. कारखाना बंद पडला. मग शेहेचाळिसाव्या वर्षी ते आमचाच एक अभ्यासक्रम करून संगणक शिकले आणि शिकता शिकता आमच्याच ऑफिसात येऊन बसले. नेमके माझ्या शेजारी.

सकाळी आले की चपला दाराशी काढायच्या. चाकाच्या खुर्चीवर मांडी घालून बसायचं. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढून ती स्क्रीनवर आडवी धरायची आणि एक एक ओळ वाचायची. मोठ्यानं. "दोनशे बारा आली. धडा चार. थांबली. मागं गेली. परत थांबली. का गं माय, काय कळंना तुला? तिसऱ्यांदा त्याच जागी आली बघा." शंभर ओळी झाल्याशिवाय ते दुसऱ्या कशाला हात लावत नसत. मी कानाला हेडफोन लावायचो. हेडफोनमधूनही 'का गं माय' ऐकू यायचं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, "अहो, हे वाचायचं नसतं. माझा प्रोग्रॅम या सगळ्या ओळी चार मिनिटांत मोजतो."

"मोजा की," ते म्हणाले. "मी कुठं मोजतोय? मी बघतोय नुसतं."

एकदा कौतुकानं त्यांनी घरचं सांगितलं. देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवर त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. "आमचा बाप मेंढरं मोजायचा नाय. मोजता येतच नव्हतं त्याला. पण कोणतं आलं नाय ते लांबूनच कळायचं त्याला." मी मनात म्हटलं, झालं, आता माझी एम.टेक. आणि यांची मेंढरं. पुढं मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, हीच मेंढरं तीन वेगवेगळ्या सभांमध्ये पाहुण्यांना सांगितली. माझी एम.टेक. त्यांनी एकदाही सांगितली नाही.

त्यांचे दोष मला पाठ आहेत, कारण ते मी मन लावून जमवले होते. चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायचे. गावाकडचा फोन आला की पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. जाताना पंखा बंद करायचे नाहीत. त्यांच्या प्रोग्रॅमच्या फायलींची नावं 'बघू', 'बघू दोन', 'आता तरी बघू' अशी असत. आत काय चाललंय हे सांगणारी एक ओळ नाही, टिपण नाही. मी त्यातली चूक शोधायला एक अख्खा शनिवार घातला होता. एकही सापडली नाही. तो शनिवार मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

आणि आलेख काढायचे नाहीत. आठवड्याचा अहवाल मागितला की एका कागदावर एक वाक्य लिहून द्यायचे. मी अठरा स्लाइड घेऊन सभेत बसलोय, आणि मॅडम मामांचा कागद उघडून वाचताहेत: "या आठवड्यात पोरी दमल्यात." बस, एवढंच. मग सगळी सभा त्यावर अर्धा तास बोलायची. का दमल्या, सहावा धडा लांबला का, कापूस वेचणीचे दिवस आहेत का. माझ्या अठरा स्लाइड चहा आल्यावर पटापट पुढं सरकवल्या जायच्या.

शहराच्या नावाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. ती मीच सांगतो, कारण ऑफिसात बाकी सगळ्यांनी ती सांगून झाली आहे. नाव नोंदवताना विद्यार्थ्याला शहर निवडावं लागतं. त्या वर्षी यादीतलं आमच्या शहराचं नाव बदललं आणि जुन्या विद्यार्थ्यांना पुन्हा लॉगिन करताना नवं नाव निवडायला सांगितलं गेलं. मला याचा पत्ता नव्हता. माझा प्रोग्रॅम शहरांना क्रमांक देऊन मोजतो, शीर्षकं आपोआप टाकतो. मी फक्त रंग निवडले होते. तर मी संचालकांसमोर लाल रेघेचा आलेख दाखवला: औरंगाबादमधले विद्यार्थी दर आठवड्याला झपाट्यानं गळताहेत. त्याच्या पुढची स्लाइड हिरवी: छत्रपती संभाजीनगरमध्ये आश्चर्यकारक वाढ, तिथल्या शिक्षकांच्या पद्धतीचा अभ्यास व्हावा.

मी जन्मानं इथला. गुलमंडीजवळ वाढलेला. तरी बोलत राहिलो.

मामा मागच्या खुर्चीवर होते. हळूच म्हणाले, "साहेब, ही पोरं गळाली नाय. पाटी बदलली गावाची. हीच ती पोरं." खोलीत असा काही हशा झाला की खालचा वॉचमन वर आला. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, तिथल्या शिक्षकांचा अभ्यास करायला रिक्षानंच जा, प्रवासभत्ता मिळणार नाही. मीही हसलो. हसावं लागतं अशा वेळी. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो वॉचमन पुढचे दोन महिने मला पाहिलं की विचारायचा, "क्या साब, आज कौनसे शहर से आए?"

मामांशी मात्र त्याचं वेगळं. ते जिना चढायला लागले की तो खालूनच ओरडायचा, "क्या मामू, कल कित्ते बच्चे आए?" आणि मामा वरून, "दो जास्ती आए मियाँ, एक रूठ के बैठी है." वॉचमनला लॉग म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण कोण रुसून बसलीय याची त्याला काळजी. दुसऱ्या दिवशी तो विचारायचा, "वो मानी क्या?"

सगळ्यात खोल काटा घरी टोचला. एका रविवारी बायकोनं त्यांना जेवायला बोलवा म्हणून हट्ट धरला. धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी. जेवता जेवता तिनं त्यांना विचारलं, "मामा, हे नेमकं काय काम करतात हो? लग्नाला सहा वर्षं झाली, मला अजून कळलं नाही." मी म्हणालो, "मी तुला सांगितलंय." ती म्हणाली, "तू स्लाइड दाखवल्यास."

मामांनी घास खाली ठेवला. "हे बघा ताई, शाळेत मास्तर वर्गावर नजर फिरवतो ना? कोण खिडकीतून बाहेर बघतंय, कोणाचं पेन थांबलंय, कोण शेजारच्याचं बघून लिवतंय, त्याला दिसतं. आमच्या वर्गात मास्तरला पोरगं दिसत नाय. नुसती पावलं उमटतात. ती पावलं बघून साहेब सांगतात, हे पोरगं उद्या शाळेत यायचं नाय म्हणून. लई अवघड काम हाय."

बायको माझ्याकडं पाहायला लागली. सहा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं अशा कौतुकानं. ते कौतुक माझंच होतं, हे मला कळतंय. पण ते मला त्यांच्या हातून मिळालं. दह्याची वाटी त्यांच्यापुढं सरकवून ती म्हणाली, "घ्या हो मामा, लाजू नका." मला तिनं वाढलंच नाही, मी हातानं घेतलं.

आता ती यादी.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. स्टोअर कीपिंग आणि संगणक असा सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम आम्ही गावाकडच्या बायकांसाठी चालवत होतो. शेवटी परीक्षा. जी पास होईल तिचं नाव शेंद्र्याच्या कारखान्यांकडं मुलाखतीसाठी जायचं. परीक्षेच्या आधी मॅडमनी मला सांगितलं, "चाचण्यांमध्ये काही जणी नक्कल करतायत असा संशय आहे. लॉगवरून त्यांची यादी काढ. त्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही." शुक्रवारी संचालकांपुढं मांडायचं होतं. त्याच वेळी मॅडमच्या जागी पुढं कोण, याचीही कुजबुज चालू होती. दोन नावं घेतली जात, माझं आणि मामांचं. मामांचं नाव त्यांच्याकडं माझ्यासारखी पदवी नसतानाही घेतलं जात होतं, हे मला सहन होत नव्हतं.

मी नियम केला. साधा, सरळ. जिनं व्हिडिओ पाहिलेच नाहीत पण चाचणीत मात्र चांगले गुण मिळवले, ती नक्कल करते. यादीत त्रेचाळीस नावं आली. मी खूश झालो. मामांना दाखवली नाही, पण ती मशीनवर होती आणि त्यांना दिसली.

गुरुवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, ते दोन दिवस देवगावला निघाले होते. एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या कीबोर्डखाली सरकवली. म्हणाले, "एकीचं चुकलंय. बाकीच्या बघितल्या मी, त्या बरुबर हायेत. ही तेवढी काढा."

"बघतो," मी म्हणालो.

"बघा हं. शनिवारी यादी बंद हुईल."

ते गेल्यावर मी चिठ्ठी वाचली. शब्द अजून पाठ आहेत. 'चारशे सतरा आणि चारशे अठरा. एकच फोन. सतरावाली व्हिडिओ बघते, चाचणी देते, बाहेर जाते. दीड मिनिटात अठरावाली आत येते, थेट चाचणी. दोघी शेजारी बसून एकच व्हिडिओ बघतात. नक्कल असती तर चुका सारख्या असत्या. अठराच्या चुका तिच्या स्वतःच्या आहेत. फोन पाळीत आहे. अठराला काढू नका.'

फोन पाळीत आहे म्हणजे काय, ते आधी मला समजलं नाही. मग मी त्या दोघींच्या ओळी काढल्या आणि नुसत्या पाहिल्या. एक आठवडा दोघी दुपारी चारनंतर. पुढचा आठवडा सकाळी आठ ते बारा. त्याच्या पुढचा भर दुपारी. पुन्हा चारनंतर. सहा महिने हाच फेरा. माझ्या प्रोग्रॅमनं त्यांच्यापुढं 'अनियमित' असा शेरा मारला होता. त्या अनियमित नव्हत्या. घरातला एकुलता फोन कारखान्यात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाचा होता. तो घरी असला की फोन घरी. त्या दोघी कारखान्याच्या भोंग्यावर अभ्यास करत होत्या.

मला खरं सांगायचंय म्हणून सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. इतकं सुंदर काही मी त्या ओळींमध्ये कधी पाहिलं नव्हतं. आणि पाठोपाठ जळफळाट झाला. हे मला का दिसलं नाही? त्या माणसानं सतरा वर्षं कार्डं सांभाळली म्हणून त्याला पाळ्या दिसल्या, ठीक आहे. पण ओळी तर माझ्याच होत्या. मीच साफ केल्या होत्या. साफ करताना मीच त्यावरून बोळा फिरवला होता.

शुक्रवारी संचालकांपुढं उभं राहून 'एक नाव चुकलंय, ते मामांनी पकडलं' असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. गावाची पाटी बदलल्याचा तो हशा अजून कानात होता. मी ठरवलं, हे सोमवारी मी शोधून काढीन. स्वतः, आलेखासकट. चिठ्ठी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली. शनिवारी पाच वाजता यादी बंद होते हे मला ठाऊक होतं का? होतं. मामांनी तोंडानं सांगितलं होतं. 'लक्षात राहिलं नाही' असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं, आणि ते सांगून सांगून काही दिवस मलाही खरं वाटायला लागलं होतं.

शुक्रवार छान गेला. संचालकांनी पाठ थोपटली.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत आलेख घेऊन गेलो. 'माझ्या असं लक्षात आलंय' अशी सुरुवात केली. मॅडमनी पूर्ण ऐकलं, चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्यांनी परीक्षा विभागाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की हॉल तिकिटं निघाली, केंद्रांच्या याद्या गेल्या, आता पुढची परीक्षा ऑक्टोबरात. मॅडमनी दोनदा विनंती केली, एकदा आवाज चढवला. काही झालं नाही. चारशे अठराची परीक्षा बुडाली.

मॅडमनी मामांना आत बोलावलं. ते लग्नातून थेट आले होते, कपाळावर अक्षतेचं कुंकू तसंच. "हे शनिवारच्या आधी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही रोज ओळी वाचता. हा रोज आकडे पाहतो. दोघांपैकी कुणी पाहिलं नव्हतं?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहत होतो. मामा माझ्याकडं पाहत होते, ते न बघताही कळत होतं. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "म्या बघितलं होतं मॅडम, गुरुवारीच. सांगायचं राहिलं. लग्नाची गडबड होती."

आणि मी गप्प बसलो. इथं पुष्कळ काही लिहिता येईल, पण घडलं एवढंच. मी गप्प बसलो.

त्यांचा करार जूनमध्ये संपत होता, तो पुढं वाढला नाही. मॅडमनी ठरवलं की त्यांनीच नको म्हटलं, हे मला नीट कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. शेवटच्या दिवशी ते प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन आले. वॉचमन फाटकाशी त्यांचा हात सोडेना. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "इंजिनेर साहेब, रोजच्या पन्नास तरी ओळी वाचत जा. मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढं पळतात." मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी मला कामाची गोष्ट सांगितली.

जुलैमध्ये मॅडमच्या जागेवर मी बसलो.

रागही आला होता, तोही सांगून टाकतो. मला वाचवा म्हणून कुणी सांगितलं होतं यांना? माझी चूक होती, माझ्याकडं राहू द्यायची होती. रिपोर्ट त्यांचे, बायकोचं कौतुक त्यांच्या हातचं, वॉचमनचा सलाम त्यांना, आणि शेवटी माझी चूकसुद्धा त्यांनीच उचलून स्वतःच्या नावावर लावली. माझ्याकडं काय ठेवलं?

सप्टेंबरात ऑक्टोबरच्या परीक्षेची यादी तयार व्हायला लागली. चारशे अठराचं नाव त्यात आहे ना, हे मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, फोन करून विचारलं. तरी चैन पडेना. एका शनिवारी सकाळी गाडी काढली आणि जालना रोडनं करमाडच्या पुढं, नोंदणीत तिचा पत्ता होता त्या वस्तीवर गेलो.

पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण. दारात तिशीची एक बाई शेंगा फोडत बसली होती. शेजारी ओळखपत्र गळ्यात घातलेली एक तरुण मुलगी वेणी घालत होती. ऑफिसचं नाव सांगितलं तशी बाईनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. तिसरी पाळी करून आलेत, आता डोळा लागलाय." आतून घोरणं ऐकू येत होतं. मुलगी तिची नणंद, म्हणजे चारशे सतरा. एप्रिलची परीक्षा पास होऊन ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरला लागली होती आणि कामावरच निघाली होती. ही भावजय. चारशे अठरा.

तिनं माझ्यामागं रस्त्याकडं पाहिलं. "ते सर नाय आले?"

"ते आता आमच्याकडं नाहीत."

"व्हय. सांगितलं त्यांनी मागच्या महिन्यात."

म्हणजे ते अजून येत होते. पोटात नेहमीच्याच जागी कळ आली. मी वाटेत जुळवून आणलेली वाक्यं तिथंच विसरलो आणि सरळ म्हणालो, "ताई, तुमचं नाव त्यांच्यामुळं नाही राहिलं. त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं. मी मुद्दाम दाबून ठेवलं."

नणंदेचा वेणीवरचा हात थांबला. भावजय शेंगा फोडतच राहिली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं?"

"छ्या! त्यांनी तर हात जोडले. म्हणले, माझ्यानं राहिलं बाई, चुकलं माझं. पण मला एक सांगा, आमच्या ह्यांची पाळी कोणती, फोन घरी कवा, मी शिकायला मोकळी कवा, हे समदं ठाव असल्यावाणी ते बरुबर त्याच वक्ताला आले. आजवर एकदाबी चुकीच्या वक्ताला आले नाय. ज्या माणसाला माझं एवढं ध्यानात ऱ्हातं, त्याच्यानं नाव सांगायचं कसं राहील?"

माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत इतका सरळ हिशेब मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मग तुम्ही त्यांना तसं म्हणाला नाहीत?"

"काय म्हणू? एवढ्या उन्हाचं खोटं बोलायला आले होते बिचारे. पाणी दिलं, चहा दिला."

नणंद म्हणाली, "वहिनी, मला उशीर हुतोय," आणि माझ्याकडं एकदा रोखून बघून निघून गेली. तिनं तेवढा राग केला ते बरं झालं. भावजयीनं फोडलेल्या शेंगांचे दाणे पदरात घेतले, मूठभर माझ्यापुढं केले. मी घेतले.

मग तिनंच विचारलं. इतका वेळ हातानं काम चालू ठेवून ती तेवढ्यासाठीच थांबली होती, हे तेव्हा कळलं.

"या खेपेला नाव ऱ्हाईल ना हो माझं?"

"राहील. यादी बघूनच आलोय."

"कुणी बघितली? तुमी, का त्यांनी?"

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दोनदा. त्या यादीवर आता सही माझी होती, दुसऱ्या कुणाला ती बघायचा अधिकारही नव्हता.

"त्यांनी," मी म्हणालो.

"मग झालं," ती म्हणाली, आणि हात झटकून अभ्यासाची वही आणायला आत गेली.